कोटाच्या खिशातलं मृत्युपत्र

कऱ्हाडच्या नोंदणी कचेरीबाहेर एका टेबलामागे बसून मी तीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जे येईल ते. आधी वडील बसायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तशी मी बसले. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "बाई, लिवणारं कुठं गेल्यात?" मी म्हणायचे, "बसा, लिवणारीच बसलीय." पुढं टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, पण मजकूर जुळवणारं डोकं माझंच होतं आणि त्याचा मला गर्व होता. आता टेबल आवरून घरी बसलेय. पण एका कोटाची गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही.

मृत्युपत्र हा शब्द आमच्याकडं कुणी तोंडातून काढत नाही. "बाई, आमच्या माघारीचं जरा लिवायचं हुतं," असं खालच्या आवाजात सांगतात, ते सुद्धा आधी दोनदा टेबलापुढून नुसतेच जाऊन. एक आजोबा जतकडून लांबचा प्रवास करून आले होते. पन्नास मेंढरं कुणाला किती, सगळं बैजवार सांगितलं. मी लिहिलं आणि वाचायला घेतलं, "माझ्या मृत्यूनंतर..." आजोबा ताडकन उठले. "आवं बाई, असलं वंगाळ बोलू नका!" मी म्हटलं, "अहो, माणूस गेल्याशिवाय हा कागद चालूच होत नाही." "मग ऱ्हाऊ द्या की," म्हणाले आणि पटका सावरत चालायला लागले. दुसऱ्या एका बाईंना लिहून हवं होतं की, सुनेनं आधी पाया पडून माफी मागावी, मगच तिला पाटल्या मिळाव्यात. मी विचारलं, "तुम्ही गेल्यावर ती पडणार कुणाच्या पाया?" त्यावर बाई विचारात पडल्या. तो कागद तसाच राहिला.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कायद्याच्या दृष्टीनं माणूस दोनच तऱ्हांनी मरतो. कागद करून, नाहीतर कागद न करता. न करता गेला तर वारस कोण ते कायदा ठरवतो. बायको, मुलं, आई ही पहिल्या रांगेत. त्यांच्यातलं कुणी असेल तर मागच्या रांगेतल्या भावाबहिणींना काही मिळत नाही, मग त्यांनी मेलेल्याची कितीही सेवा केलेली असो. कागद करून गेला तर त्याचं स्वतःचं जे आहे ते त्याच्या इच्छेप्रमाणं जातं. त्यासाठी लागतं फार थोडं. माणूस शुद्धीत हवा, राजीखुशीनं सांगणारा हवा, त्याची सही किंवा अंगठा हवा, आणि ती सही बघितलेले दोन साक्षीदार हवेत. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांना कळायची सुद्धा गरज नाही. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. साध्या कोऱ्या कागदावर भागतं. लोकांना हे खरंच वाटायचं नाही आणि मी ते फार तोऱ्यात सांगायचे. तो तोरा पुढं मला चांगलाच भोवला.

कुंडलचे हवालदार अण्णा माझ्याकडं आले ते निळा कोट घालून. पलटणीची पितळी बटणं असलेला तो कोट. झेंडावंदनाला, लग्नाला, बँकेत, सगळीकडं तोच. बायको लवकर वारलेली. मुलं दोन. थोरला संपत गावाकडचा ऊस बघायचा, धाकटा रणजित बापासारखाच फौजेत. अण्णा स्वतः सीमेवर असताना या दोघांना वाढवलं ते अण्णांच्या बहिणीनं, सोनाबाईंनी. त्यांना नवऱ्यानं लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलं होतं आणि स्वतः दुसरी करून घेतली होती. फारकत वगैरे काही नाही, नुसतं सोडलं. पोरं त्यांना आत्ती म्हणायची. निवृत्तीनंतर अण्णांनी मलकापुरात स्वतःच्या कमाईतून दोन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि बहीण-भाऊ तिथंच राहत होते.

"घर सोनीला द्यायचं," अण्णा म्हणाले. "पोरास्नी वडिलार्जित रान हाय. तिला काय हाय? मी गेल्यावर ती कुठं जाणार?"

मी लिहिलं. बहिणीनं काय काय केलं ते लिहिलं, घराची चतुःसीमा लिहिली आणि मग या धंद्यातलं ठरलेलं वाक्य लिहिलं: 'माझ्या दोन्ही मुलांना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा असल्याने त्यांना या मिळकतीतून काही एक देत नाही.' शंभरदा लिहिलेलं वाक्य. मुलांना विसरून गेला असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून ते घालतात. अण्णांनी वाचलं, मान डोलावली आणि सही केली. त्यांचे पलटणीतले एक दोस्त आणि शेजारचे गुरुजी साक्षीला होते. मी म्हटलं, "अण्णा, आत जाऊन नोंदवून टाकू या."

"नगं. आत फोटो काढत्यात, अंगठं घेत्यात. कुंडलची दोन माणसं त्या रांगेत हुबी हायत. सांजच्याला गावभर हुईल. न्हाई नोंदवलं तर चालतं का न्हाई, तेवढं सांगा."

"चालतं," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

"मग मशीनमधलं बी पुसून टाका. कागद एकच बरा."

मी त्यांच्या समोर पुसलं. कुणाचं गुपित बाहेर जाऊ दिलं नाही कधी, ही माझी ख्याती होती ना! वर शहाणपणानं सांगितलं, "आता हा अशा जागी ठेवा, जिथं तुमच्याशिवाय कुणाचा हात जात नाही." अण्णा हसले. कागदाची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून थोपटलं. "हितं कुणाचा हात जातुय?"

तीन वर्षांनी भाद्रपदात अण्णा गेले. मला कळलंही नाही. दिवाळीच्या आधी संपत माझ्या टेबलाशी आला, बरोबर एक घर घेणारा. वारस म्हणून दोन मुलांची नावं लागली होती आणि मलकापूरच्या घराच्या विक्रीचं साठेखत करायचं होतं. धाकट्या भावाची संमती फोनवर घेतो म्हणाला. मी उतारा हातात घेतला, चतुःसीमा वाचायला लागले आणि थांबले. ही चतुःसीमा मी लिहिली होती.

"अण्णा गेले?" मी विचारलं. "अन् मृत्युपत्र?"

"कसलं मृत्युपत्र?" संपत म्हणाला.

"अरे, मी लिहिलंय माझ्या हातानं! घर तुझ्या आत्तीला दिलंय."

"मग दावा की."

दाखवणार काय, कपाळ? घर घेणारा कधी उठून गेला ते मला कळलंसुद्धा नाही. संपतनं कागद गोळा केले. माझ्या तोंडाकडं न बघता तो म्हणाला, "न्हाई लिवायचं तर ऱ्हाऊ द्या, दुसरं टेबल हाय." आणि गेला.

मी तशीच रिक्षा करून मलकापूरला गेले. सोनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. आत दोन ट्रंका दोरीनं बांधून ठेवलेल्या. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "अण्णांचा तो निळा कोट कुठं आहे?"

"कोट?" त्या म्हणाल्या. "त्यो घालूनच न्हेला की त्यास्नी. आमच्यात फौजी माणसाला तसंच न्हेत्यात. पदकं तेवढी काढून घेतली. मीच घातला. बटणं लावली मीच."

मी तिथंच पायरीवर बसले. सोनाबाई घाबरल्या, आतून पाणी घेऊन आल्या. "आवं बाई, काय झालं? चक्कर आली का?" मी त्यांना कसं सांगू? ज्या बाईसाठी तो कागद केला, तिनंच आपल्या हातानं बटणं लावून तो चितेवर पाठवला होता. आणि 'कुणाचा हात जात नाही अशा जागी ठेवा' हे शहाणपण माझं.

शेवटी सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता रडतील, मला शिव्या देतील, द्यायलाच हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय लिवलंतं त्यात?"

"घर तुम्हाला—"

"घराचं न्हवं. माझं काय लिवलंतं?"

मला आठवत होतं तेवढं मी म्हणून दाखवलं. 'माझी बहीण सोनाबाई हिने माझी दोन्ही मुले आईच्या मायेने वाढवली. मी सीमेवर निर्धास्त राहिलो तो तिच्यामुळे.' त्या म्हणाल्या, "आनि येकदा म्हना." मी परत म्हटलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "जलमात येकदा बोलला न्हाई गं बाई त्यो असलं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या वकिलांकडं गेले. ते म्हणाले, एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मृत्युपत्र जागं होतं ते माणसाच्या शेवटच्या श्वासाला. त्या घटकेला कागद शाबूत असेल, तर माणूस कागद करूनच मेला. नंतर जळला म्हणून त्याची इच्छा काही रद्द होत नाही. पण कागद ज्याच्या ताब्यात होता आणि जो गेल्यावर सापडत नाही, त्यानंच जिवंतपणी फाडला असेल असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागेल. मरणाच्या दिवशी तो त्या खिशात होता, असं सांगणारं कोण आहे?

कोण असणार? सोनाबाईंना बटणं लावताना काहीतरी कडक हाताला लागलं होतं, पण त्यांनाच घर मिळणार, त्यांचा शब्द किती धरतील? मला मजकूर ठाऊक, साक्षीदारांना सही ठाऊक, पण तीन वर्षांत कागदाचं काय झालं ते आम्ही काय सांगणार? मला रात्ररात्र झोप नव्हती. नोंदणीचा आग्रह धरला असता तर? एक झेरॉक्स ठेवली असती तर? मी स्वतःवर इतकी चिडले होते की घरातले माझ्याशी जपून बोलत होते.

साक्षीदार कुठून निघाला ते सांगते. अण्णा गेले तेव्हा रणजित बर्फातल्या ठाण्यावर होता. रस्ता बंद, येणं शक्यच नव्हतं. त्याला बापाचं तोंड बघता यावं म्हणून भाऊबंदांतल्या एकानं व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. आंघोळीपासून तिरडी उचलेपर्यंत सगळं त्या पोरानं हजारो मैलांवरून फोनच्या पडद्यात बघितलं. दिवाळीनंतर तो रजेवर आला आणि आत्तीकडून माझी हकिकत ऐकल्यावर त्यानं मला निरोप धाडला.

मलकापूरच्या त्या पुढच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सोनाबाई, संपत, रणजित आणि मी. रणजितनं पाण्याचा तांब्यासुद्धा खाली ठेवला नव्हता. सरळ विचारलं, "दादा, आत्तीनं कोट घालायच्या आधी तू त्याच्या खिशातनं काय काढलंस रं?"

"फौजेचं डिस्चार्ज बुक," संपत म्हणाला.

"डिस्चार्ज बुक ट्रंकंत हुतं. काल मीच काढलं, अण्णांच्या पदकांखालनं. मी बघितलंय गड्या फोनवर. तू भिताडाकडं तोंड करून हुबा हुतास. कागद उलगडलास, वाचलास, परत घडी घातलीस. मला वाटलं अण्णांची जुनी चिठ्ठी असंल. काय हुतं त्यात?"

संपत खाली बघत होता. इतके दिवस मी समजत होते की कागद चुकून जळाला. माझ्या डोळ्यांपुढं फक्त बटणं लावणारे सोनाबाईंचे हात होते. त्याआधी दुसरे हात त्या खिशात गेले असतील, हे स्वप्नात सुद्धा आलं नव्हतं.

"वाचला," संपत म्हणाला. "वाचला अन् परत ठिवला. फाडला न्हाई मी. अण्णांचा हुता, अण्णांसंगं गेला."

"का पर?" रणजित ओरडला. "घरासाठी?"

"घर गेलं खड्ड्यात!" संपतचा आवाज फाटला. "इस वरसं रानात राबलो, शेवटच्या दुखन्यात हागनंमुतनं काढलं त्यांचं. तू हुतास का? अन् बाप म्होरं मरून पडलाय आनि हातात कागद काय, तर 'मुलांना काही एक देत नाही'. माझं नाव सुदिक न्हाई त्यात. दोन मुलं म्हनं. काही एक देत नाही."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ते वाक्य अण्णांचं नव्हतंच. ते माझं होतं, आमच्या धंद्याचं होतं. शंभर ठिकाणी डोळे झाकून लिहिलेलं. मेलेल्या बापाजवळ उभं राहून त्याचा मुलगा ते वाचेल, असा विचार तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता. मी तसं बोलून दाखवायला गेले, "संपत, ते वाक्य मी घातलं, अण्णांनी नुसतं..."

सोनाबाई उठल्या. संपतजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "म्हनूनच व्हय रं त्या दिशी कडू घास भरवताना तोंड फिरवलंस? मला वाटलं, बापाच्या दुःखानं पोरगं जेवंना. चार दिस जेवला न्हाईस तू."

संपत त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. चाळिशीचा बाप्या, लहान पोरासारखा हुंदके देत होता. रणजित बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

कोर्टात जायची वेळ आली नाही. संपत आता स्वतःच कबूल करत होता, पण निकाल लागेपर्यंत सोनाबाई असतील की नाही कुणी सांगावं? सोपा रस्ता दुसरा होता. वारस म्हणून दोघा भावांची नावं लागलीच होती, तेव्हा दोघांनी मिळून घराचं बक्षीसपत्र आत्तीच्या नावे करून द्यायचं. ते मी लिहिलं आणि त्याच दिवशी नोंदवलं. फोटो, अंगठे, सगळं.

तेव्हा मी सोनाबाईंना एक गोष्ट सांगितली, आणि या खेपेला हादरायची पाळी त्यांची होती. "आता घर तुमचं. पण तुम्ही कागद न करता गेलात, तर तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून ते तुमच्या नवऱ्याला जाईल."

"कुनाला?"

"नवऱ्याला. फारकत झालेली नाही ना? कायद्यानं तोच पहिला वारस."

"आगं बाई बाई बाई!" त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "त्या मुडद्याला? चाळीस वरसांत कुत्र्यावानी बी इचारलं न्हाई त्यानं! ह्या घराची माती सुदिक द्यायची न्हाई त्येला. लिवा. आत्ताच्या आत्ता लिवा."

लिहायला बसले. नाव काय घालू विचारलं. मला वाटलं रणजित म्हणतील. त्यानं स्वतःचं अर्धं घर जात असताना खरं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दोघांस्नी सारखं. संपतचं नाव आधी लिवा, थोरला हाय त्यो. आनि हे बगा बाई, ते तुमचं 'देत नाही' असलं कायबी घालायचं न्हाई. मी देतिया, एवढंच लिवा."

तसंच लिहिलं. आयुष्यात लिहिलेला सगळ्यात छोटा दस्त. दोन साक्षीदार, अंगठा, नोंदणी. मी एक झेरॉक्स काढून माझ्या कपाटात ठेवली आणि केलेल्या दस्तांच्या यादीत नावही लिहिलं.

कचेरीच्या बाहेर वडाखाली दोघं भाऊ थांबले होते. मी मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोनाबाईंच्या हातात दिला आणि सवयीनं सांगायला लागले की, ज्याला मिळणार आहे त्याच्या हातात मृत्युपत्र कधी देऊ नये, बँकेच्या लॉकरात ठेवावं. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. सरळ चालत संपतपुढं गेल्या आणि पिशवी त्याच्यापुढं धरली.

"धर. ह्यो तुझ्यापाशी ठिव."

संपतचा हात वर येईना. त्यानं माझ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. सोनाबाईंनी मग स्वतःच त्याच्या सदऱ्याच्या खिशात ती पिशवी सारली आणि त्याच्या उघड्या राहिलेल्या गळ्याचं बटण लावलं.